पाठीवरच्या झोळीचा पट्टा
राहात्याच्या बाजारात बैलांचा साज विकणाऱ्या दुकानदाराने मला फसवलं, आणि चामड्याला लावलेल्या एरंडेलाचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. बहात्तरच्या आसपास मी शेळ्यांचा व्यापार करायचो, दिवसभर रानोमाळ हिंडायचो आणि आठ महिन्यांच्या लेकीलाही पाठीवर न्यायचो. लुगड्याची झोळी मानेला काचायची, म्हणून त्या दुकानदाराकडून कॅनव्हासची झोळी आणि खांद्यांना रुंद चामडी पट्टे करून घेतले. घासाघीस तर केलीच, वर झोळीत दोन पायली ज्वारी भरून दुकानासमोर फेऱ्याही मारल्या. "नवंकोरं कातडं हाय, मालक. पोरगी लग्नाला येईल, पर पट्टा न्हाई तुटायचा," तो म्हणाला. पुणतांब्याला नदीच्या उतारावर लेकीने उसळी मारली आणि पट्टा तुटला. ज्वारी उसळ्या मारत नाही, हे मला सुचलंच नव्हतं! खाली दगड होते; पोरीचा एक पाय हाती लागला म्हणून ती वाचली. पट्ट्यावर जुन्या शिवणीची भोकं होती. इंजिनं आल्यावर विहिरीवर टाकून दिलेल्या, पाणी उपसायच्या मोटेचं कुजकं चामडं त्याने तेल चोळून मला दिलं होतं. जाब विचारला तर हसून म्हणाला, "तुमीच पारखून नेलं हुतं की!" आज त्याच लेकीने आपल्या डोंगर चढणाऱ्या जावयासाठी बाळाची झोळी आणली, तिचे पट्टे मी तासभर ओढून पाहिले. तो म्हातारा अजून दुकानाच्या पायरीवर बसतो. मला पैसे नकोत. माझ्या लेकीच्या तोंडाकडे बघून त्याने एकदा सांगावं, ते कातडं नवं होतं का?