ब्रॅकेटासाठी कौल

आमच्या घरात कॅमेऱ्याला कुठलं ब्रॅकेट लावायचं, हे ग्रामदेवतेने ठरवलं.

इतर लोक अशा वेळी दुकानदाराला विचारतात. मीही विचारलं होतं. मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावरून सुटलो की मी कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन उभा राहायचो, आणि मला बघितलं की तिथला माणूस चहा प्यायला आत जायचा! त्याची चूक नाही. नववीत शाळा सुटलेला माणूस मी. कुठलीही वस्तू घ्यायची तर दहा खेपा घालतो. आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळू नये, एवढीच सारी धडपड. शेवटी एकदाचं एक बारीक, नाजूक, मान वळणारं ब्रॅकेट घेतलं आणि रजेवर गावी आलो.

ब्रॅकेट म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते देवालाही सांगावं लागलं. मुंगीचा मोठ्ठा फोटो काढायचा तर लेन्स तिच्या अगदी नाकाशी न्यावी लागते. फ्लॅश बसतो कॅमेऱ्याच्या डोक्यावर. तो चमकला की लेन्सचीच सावली पडते आणि अर्धी मुंगी काळोखात जाते. म्हणून एक दांडा लावून फ्लॅश बाजूने पुढे आणायचा. तो दांडा म्हणजे ब्रॅकेट. संपलं!

आणि मुंगी कुठली? तर आमच्या घरामागच्या काजूवरचे हुमले. तांबडे, पानं शिवून घरटं करणारे आणि धरलं की न सोडणारे. लहानपणी यांनी मला रडवलं तेवढं गणिताच्या मास्तरांनीही नाही. पण मस्कतच्या खोलीत डोळे मिटले की दिसायचे ते हेच! समुद्र आठवला, तिसऱ्या-शिंपल्यांची कढी आठवली, तर कोणीही समजून घेईल. चावणाऱ्या मुंग्यांच्या आठवणीने डोळे पुसणारा माणूस जगात मी एकटाच असेन. (खोलीतल्या सोबत्याला सांगायचो, धूळ गेली.) या खेपेला हुमल्याचा एक तरी फोटो बरोबर न्यायचा, डोळे-मिशांसकट, एवढीच इच्छा होती. तिकडे खिशात ठेवायला काहीतरी गावचं हवं ना!

घरी येऊन ब्रॅकेट लावलं, त्यावर फ्लॅश चढवला. दुकानात ताठ असलेली त्याची मान हळूहळू खाली, खाली, आणखी खाली गेली.

"ह्येका झोप येता काय रे?" आईने विचारलं.

"स्क्रू ढिला असेल."

"मस्कतसून हाडलंस, आणि ढिला?" म्हणत तिने थेट इनासमामाला फोन लावला.

इनासमामा म्हणजे आमचा शेजारी. कुडाळला त्याचं खिडक्यांचे ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे. तो ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण आईने त्याला भाऊ मानलेलं आणि त्याने ते फारच मनावर घेतलेलं. शाळा सुटल्यावर मी ओसरीवर बसून असायचो, तेव्हा यानेच मला हाताला धरून वर्कशॉपमध्ये नेलं, पाना कसा धरतात ते शिकवलं आणि आपल्या तिकडच्या मेव्हण्याला सांगून मस्कतला चिकटवलं. आज मी दोन घास खातो ते या माणसामुळे. त्यामुळे त्याच्यापुढे माझ्या तोंडून "नको" हा शब्द कधी फुटलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवरून गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"घे! ह्या तुझा ब्रॅकेट!"

खिडकीच्या ग्रिलचा अख्खा गज होता तो! काटकोनात वाकवलेला, वर हिरवा ऑइलपेंट, आणि टोकाला लोखंडी वेलीचं फूल.

"मामा, ह्या फूल कित्याक?"

"मगे शोभा नको?" मामा दुखावला. "आणि मोडाचा नाय हां! तुझ्या नातवांका पुरतला."

"माझा लग्न खंय झाला अजून?"

"ता बघूया मगे. दांडो तर तयार आसा!"

त्या गजाने हुमल्याचा फोटो निघणं शक्य नव्हतं. त्याने हुमला फार तर चिरडला असता. पण मामाला नको म्हणायचं? रजा संपत आलेली. रोज सकाळी मी काजूखाली जायचो, एका हातात झोपाळू ब्रॅकेट, दुसऱ्या हातात हिरवा गज, आणि दोन्ही न लावता परत यायचो. आईने दोन दिवस बघितलं.

"तू हो म्हणा नको, नाय म्हणा नको. देवाक इचारूया."

"देवाक? ब्रॅकेट?"

"लोक म्हशीचा इचारतत, बोअरिंगचा इचारतत. तुझा काय वरचढ आसा?"

आमच्याकडे कौल लावायचा म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. निघालो. मामाही आला. "माझ्या दांड्याची केस, आणि मी येव नको?" म्हणत चपला काढून सभामंडपात हात जोडून उभा राहिला.

गुरवाने दोन्ही ब्रॅकेटं देवापुढे ठेवून घेतली, जरा निरखली आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही.

"आज ह्या तुझा लेकरू दूरदेशातसून तुझ्या पायाकडे इला आसा..."

"होय महाराजा!"

"ता हुमल्याचो फोटो काढता..." इथे गुरव थांबला, वळून माझ्याकडे बघितलं. "हुमल्याचोच मा?" मी मान हलवली. "...हुमल्याचोच काढता महाराजा! तेका खंयची बुद्धी झाली ती तुका ठावक!"

"होय महाराजा!" मामाचा आवाज सगळ्यांच्या वर.

"तेच्या कामात काय वाकडा-तिकडा आसात, ता सरळ कर महाराजा!"

(ब्रॅकेट सरळ झालं तर सगळंच बोंबललं, हे सांगायला मी तोंड उघडलं. आईने चिमटा काढला.)

"लोखंडाचो दांडो बरो आसात, तर उजवो दी महाराजा!"

पाकळी टपकन पडली. उजवी! मामाने तिथल्या तिथे छातीवर क्रूस केला, वर देवालाही नमस्कार केला. माझा प्रश्न मिटला. मी निघणार, तेवढ्यात आई पुढे सरकली आणि गुरवाला हळूच म्हणाली, "आणखी एक इचार. ह्यो कायमचो घराक कधी येतलो? फुडल्या वर्सा येता काय?"

पाकळ्या लावल्या. आम्ही बघत राहिलो. उजवी पडेना, डावी पडेना. पंखा बंद करून बघितला, चालू करून बघितला. दोन्ही घट्ट.

"महाराज इचारात पडलो," गुरव म्हणाला.

"पडांदे," आई म्हणाली. "माका घाई नाय." आणि प्रसादाच्या फोडलेल्या नारळाची भकलं पिशवीत भरायला लागली. मी खांबावरच्या पाट्या वाचत राहिलो. एकच पाटी दोनदा वाचली.

संध्याकाळी कामगिरीवर निघालो. देवाचाच हुकूम, त्यामुळे पाठोपाठ आई आणि मामा. कॅमेऱ्याला गज लावल्याबरोबर कॅमेरा डावीकडे कलला, कॅमेऱ्याबरोबर मी कललो. सावरायला गेलो तो उजवीकडे. तिसऱ्या हेलकाव्याला ते लोखंडी फूल सरळ हुमल्यांच्या घरट्यात घुसलं!

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. अख्खी वसाहत माझ्या सदऱ्यात उतरली. मी गळ्यात कॅमेरा घेऊन जो नाचलो, तो आमच्या दशावताराच्या कंपनीतही कोणी नाचला नसेल.

"कॅमेरो सांभाळ, मेल्या!" मामा ओरडला आणि त्याने गज पकडून कॅमेरा वर उचलला. पट्ट्यामुळे मीही उचललो गेलो.

"शिरा पडली त्या फोटोर! सदरो काढ आदी!" आई पदराने मला झोडपत होती आणि हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना. या गडबडीत मामाचा अंगठा कुठेतरी दाबला गेला आणि लख्खकन उजेड पडला.

फोटो एकच निघाला. माझ्या डाव्या कानाची पाळी, आणि तिला लटकलेला हुमला. डोळे, मिशा, पायांवरची लव, सगळं स्वच्छ.

"सावली खंय आसा, दाखव!" मामा म्हणाला. सावली नव्हती. मी त्याला मिठी मारली. (सदऱ्यात उरलेल्यांपैकी दोघे त्यालाही चावले.)

आता मस्कतला रोज रात्री मी तो फोटो फोनवर उघडतो. हुमल्याकडे बघतच नाही. कानाच्या मागे सगळं धूसर आहे. थोडं हिरवं, ते काजूचं झाड. आणि त्याच्या बाजूला एक पिवळा डाग, ती आईची साडी. मी बोटांनी फोटो मोठा करत तिथपर्यंत जातो. जितका मोठा करावा तितका तो डाग विरत जातो. मग लहान करतो, पुन्हा मोठा करतो.

परवा खोलीतल्या सोबत्याने विचारलं, "रोज काय बघतोस एवढं?"

"आई," मी म्हटलं आणि फोन पुढे केला.

त्याने बघितलं. पडदाभर सुजलेला कान! त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्या कामगार कॅम्पच्या डॉक्टरकडे त्याने माझं नाव घातलं. कानासाठी घातलं की डोक्यासाठी, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.