राखणदाराच्या झाडावरची बाळंतीण

"बाई, ह्यो मेलो तर माझा काय खरा नाय," असं म्हणत संतोष गवस दवाखान्यात शिरला, तेव्हा मी एका बोकडाच्या कानात औषध घालत होते. संतोषच्या हातात तुवाल्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि तुवाल्यातून एक भली मोठी पिवळी चोच बाहेर आली होती. बोकडाने ती पाहिली आणि माझ्या हातातली बाटली उडवली.

मी डिचोली तालुक्यात सरकारी पशुवैद्य आहे. गाई, म्हशी, शेळ्या, कधी कुणाचा लाडका कुत्रा, हा माझा रोजचा व्याप. रानातलं जनावर आलं तर वन खात्याला कळवायचं, प्रथमोपचार करायचे आणि त्यांच्या हवाली करायचं. संतोष दोडामार्गचा, पाळी गावाच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवतो. ट्रकवाल्यांवर माझा जुना राग आहे, कारण रस्त्यावर जखमी झालेली निम्मी गुरं त्यांच्याच कृपेने माझ्याकडे येतात. म्हणून आधी मी त्याला भरपूर बोलून घेतलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं.

"अजून बोला, कायव बोला," तो म्हणाला. "पण आधी ह्येका बगा. काचेर येवन आदळलो. ब्रेक मारलंय, पण ट्रक भरलेलो होतो."

तुवाला सोडला. आत धनेश होता. आमच्याकडे याला माडगरूड म्हणतात. काळं अंग, पांढरं पोट आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. मादीच्या डोळ्याभोवती पांढरट कातडी असते, ती याला नव्हती. म्हणजे नर. उजवा पंख लोंबत होता. मी हळूच चाचपून पाहिलं. पक्ष्याच्या पंखात, आपल्या हातासारखीच, कोपराच्या पुढे दोन हाडं शेजारी शेजारी असतात. त्यातलं एक मोडलं होतं, दुसरं शाबूत होतं. हे नशीबच म्हणायचं, कारण शाबूत हाड मोडक्याला आधार देतं. पंख मिटवून, पट्टी बांधून ठेवली की काही आठवड्यांत जुळून येतं. मी पट्टी बांधत असताना त्याने माझा अंगठा धरला आणि सोडलाच नाही. संतोषने त्याची चोच उघडून माझा अंगठा सोडवला, तेव्हा त्याच्यावरचा माझा राग थोडा उतरला.

पक्ष्याला फळ्यांच्या एका खोक्यात ठेवलं. फळ्यांमध्ये बोटभर फट होती. आम्ही बाहेर उभे होतो. थोड्या वेळाने त्याने मान हलवली, घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर घेतलं आणि फटीतून बाहेर धरलं. अगदी माझ्यासमोर.

"बाई, तुमका दिता तो," संतोष म्हणाला.

मला हसू आवरेना. कुणी फी म्हणून नारळ आणतं, कुणी केळी, पण पेशंटने स्वतः जेवण वाढल्याची ही पहिलीच वेळ. मी उंबर घेतलं नाही. त्याने ते खाली टाकलं, दुसरं काढलं, पुन्हा फटीत धरलं. तिसऱ्या उंबराला माझं हसू थांबलं.

धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही गळतात. म्हणजे पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येऊ शकत नाही. नर घसा भरभरून फळं आणतो आणि एकेक फळ त्या फटीतून तिला देतो. हा बापडा माझ्या खोक्याच्या फटीत बायकोला जेवण वाढत होता. आणि त्याची खरी बायको कुठल्यातरी झाडात उपाशी वाट बघत होती.

मी संतोषला हे सांगितलं. तो मटकन खुर्चीवर बसला. "म्हणजे मी एकट्याक नाय, सगळ्या घराक उडवलंय," तो म्हणाला.

मी वन खात्याच्या परिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हणजे आरएफओंना, फोन लावला. "सर, हा पक्षी मी इथे ठेवू का?"

"नाही हो मॅडम. नियमात बसत नाही. उद्या गाडी पाठवतो, बचाव केंद्रात देऊया."

"आणि मादी?"

"कुठलं झाड ते तरी माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. संतोषने ट्रक मालकाला फोन करून आजची खेप नाही म्हणून सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. आम्ही माझ्या स्कूटरवरून धडक झाली तिथे गेलो. रस्त्याच्या एका बाजूला फळांनी लगडलेलं उंबर, दुसऱ्या बाजूला गावाची देवराई. देवराईच्या तोंडाशी छोटं देऊळ. तिथे सोमा गावकर झाडलोट करत होते. देवळाचं सगळं तेच बघतात. मी माडगरुडाचं घरटं विचारलं.

"आमची बाळंतीण?" ते म्हणाले. "दर वर्साक येता. ती बगा."

राईच्या मधोमध बेहड्याचं जुनं झाड होतं. एकाच्या डोक्यावर एक अशी चार माणसं उभी केली तर हात पोचेल एवढ्या उंचीवर ढोली, तिला लिंपण आणि लिंपणात फट. फटीत चोचीचं टोक दिसलं. संतोष चपला काढून झाडाकडे धावलाच.

"रे, खंय जातंस?" गावकरांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "राखणदाराचा झाड तां. त्यार कोण चढत नाय."

राखणदार म्हणजे गाव राखणारा देव. मी वैतागले. सगळं समजावून सांगितलं, आवाजही चढवला. गावकर शांत. "दोतोरबाय, माझ्या हातात नाय. देवाक विचारूया."

म्हणजे कौल. देवाच्या मूर्तीला उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नापासून बोअरवेलपर्यंत सगळं असं विचारून होतं. वाडीतली माणसं जमली. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माडगरुडणीक खावंक घालूक झाडार चढूं काय?"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

डावी पाकळी पडली.

संतोषचे डोळे भरले. मला तर देवाशीच भांडावंसं वाटलं. गावकर मात्र मूर्तीकडे बघत उभे होते.

"देव चढू नको म्हणालो," ते सावकाश म्हणाले. "उपाशी ठेय म्हणालो नाय."

त्यांनी नव्या पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, पाय जमनीर ठेवन बाळंतणीक जेवण वाडला, तर तुजी कायव हरकत नाय मां?"

उजवी पाकळी लगेच पडली. ती लावताना त्यांनी अंगठा जरा कमी दाबला होता का, हे मी विचारलं नाही.

आंबे काढायचे दोन झेले आणले, त्यांचे बांबू एकमेकांना बांधले, जाळ्यात उंबरं घातली आणि वर नेली. मादी फिस्कारली आणि आत गेली. जाळ्यातलं फळ तिला घेताच येईना. मला खोक्याची फट आठवली. नवरा एक वेळी एकच फळ, चोचीच्या टोकावर धरून देतो. मी जाळं काढायला लावलं. संतोषने बांबूचं टोक कोयत्याने चिरून चिमटा केला, त्यात एक उंबर अडकवलं आणि काठी फटीपाशी धरून ठेवली. त्याचे दंड थरथरायला लागले, तरी त्याने काठी हलू दिली नाही.

चोच बाहेर आली. उंबर आत गेलं. खाली उभ्या बायका अशा काही हसल्या की जणू गावातलीच लेक सुखरूप सुटली.

संध्याकाळी मी आरएफओंना परत फोन केला. या वेळी म्हटलं, "सर, हाड जुळेपर्यंत पक्ष्याने प्रवास करू नये असं माझं वैद्यकीय मत आहे. तुमची काही हरकत नाही ना?"

"वैद्यकीय मत असेल तर माझी कसली हरकत, मॅडम?"

त्यानंतरचे आठवडे गमतीत गेले. वाडीतल्या बायकांनी वार वाटून घेतले. उंबरं, वडाची फळं, पपईचे तुकडे. एका आजीने डिंकाचे लाडू आणले. बाळंतीण आहे, कंबरेला बळ नको का, असं त्यांचं म्हणणं. त्या लाडवांवरून माझं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. शेवटी लाडू मी आणि संतोषने खाल्ले. संतोष रोज खेप संपली की काठीला हजर. आतून पिल्लाचा आवाज पहिल्यांदा आला, तो त्यानेच ऐकला आणि मला फोनवर ऐकवायचा प्रयत्न केला. मला फक्त ट्रकचे हॉर्न ऐकू आले.

पट्टी काढली. हाड जुळलं होतं. दवाखान्यामागच्या गवताच्या गुदामात नवरोबांना उडायचा सराव दिला. तिथे त्याने माझी फाइल आणि पंख्याचं एक पातं निकामी केलं, तेव्हा मी त्याला फिट घोषित केलं.

सकाळी खोकं राईत नेलं. आरएफओही आले होते. संतोषने झाकण उघडलं. पक्षी बाहेर आला, फांदीवर बसला, पिसं नीट केली. बायकोच्या झाडाकडे बघितलंही नाही. मग पंखांचा सूं सूं आवाज करत भलत्याच दिशेला उडून गेला.

संतोष जमिनीवर बसला. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. इतके आठवडे बायकोशिवाय राहिलेला, विसरला असेल तर?

"खंय जातलो?" गावकर म्हणाले. "रिकाम्या हातान घरा येतलो काय? बाजारात गेलो आसतलो."

आणि तसंच झालं. पुन्हा तो सूं सूं आवाज आला. घसा फुगलेला. झाडाला चिकटून बसला, एक उंबर चोचीच्या टोकावर घेतलं आणि फटीत धरलं. तिने आधी त्याच्या चोचीवर जोरात टोच मारली. मग उंबर घेतलं. मग दुसरं. मी रडत होते आणि हसतही होते. संतोषने माझ्याकडे त्याचा तुवाला पुढे केला, तोच, पहिल्या दिवसाचा.

पावसाच्या तोंडावर मायलेक बाहेर आली. संतोष आता त्या वळणावर ट्रक चालत नेल्यासारखा नेतो आणि मागचे ड्रायव्हर त्याला शिव्या देतात.

मी एक गोष्ट शिकले. वरिष्ठांना आता "करू का" असं विचारत नाही. "हरकत नाही ना" असं विचारते. आतापर्यंत सगळे कौल उजवे आलेत.