एकोणिसावा पारा

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातल्या कुणाचं काम नव्हे. अब्बा सेलूच्या कापूस बाजारात हमाली करतात, अम्मी अंगठा लावते, आणि मी परभणीला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही अडखळतच. घरी आम्ही दखनी बोलतो. मराठी ही माझी शाळेची भाषा. तरी मराठीतच लिहितो, कारण ज्या भाषेत खोटं बोललो त्या भाषेत हे लिहायला हात उचलत नाही. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, अब्बांना नाही, होस्टेलवर शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या बालाजीलाही नाही.

कुठून सुरू करू? एका शब्दापासून करतो. आमच्याकडे नमाज पढतात, कुराण पढतात आणि शाळाही पढतात. तिन्हीला शब्द एकच. दहावीत मला बरे मार्क पडले, तेव्हापासून मोहल्ल्यात मी ‘पढ्या हुआ’ झालो. लोकांनी तो शब्द मोठ्या मनाने वापरला. तो माझ्या मापाचा नव्हता — पण मी अंगावरून काढलाही नाही.

खरं असं होतं, की लहानपणी मकतबमध्ये, म्हणजे मशिदीतल्या पोरांच्या शाळेत, मी कायद्यापर्यंतच पोचलो होतो. कायदा म्हणजे अरबीची अंकलिपी. पुढे स्कॉलरशिपचा तास त्याच वेळेला आला आणि मकतब सुटलं. अक्षरं सुटी असली की मला ओळखू यायची. एकमेकांना जोडली की हरवायची. आणि कुराणात तर सगळी जोडलेलीच असतात.

मग अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो, तेव्हा मशिदीच्या पायरीवर कुणीतरी अब्बांना टोमणा मारला, पोराला कॉलेजात घातलं, आता दीन, म्हणजे धर्म, गेला हातातून. अब्बा खाली मान घालून चपला घालत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, की परभणीत एका मौलानांकडे माझं कुराण पूर्ण झालंय. बस, एवढंच. अब्बांनी दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्या हमालांना पेढे वाटले. त्यांच्या टोळीतले कांबळे मामा संध्याकाळी मुद्दाम घरी आले, माझ्या पाठीवर हात फिरवून गेले. आता सांगा, त्यानंतर मी कोणत्या तोंडाने परत फिरणार होतो? फिरता आलं असतं. मी फिरलो नाही.

पण हा तो गुन्हा नव्हे. त्याच्याकडे यायला मला वेळ लागतोय.

आमच्या गल्लीत बानू खाला राहायची. नात्याची नव्हे, पण खालाच. तिचा मुलगा रफिकभाई कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. मला कॉलेजात घाला म्हणून अब्बांच्या मागे लागणारा तोच, आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्याबरोबर उभा राहणाराही तोच. कुणाच्या घरी जियारत असली की मशिदीतून पारे मागून आणावे लागायचे, म्हणून त्याने नांदेडहून आईसाठी नवाकोरा संच आणला होता. जियारत म्हणजे माणूस गेल्यावरचा तिसरा दिवस. कुराणाचे तीस भाग, म्हणजे तीस पारे, वेगवेगळ्या पातळ पुस्तकांत बांधलेले असतात. जमलेले लोक एकेक पारा वाटून घेतात, तासाभरात सगळं कुराण वाचून होतं, आणि त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, गेलेल्याच्या नावे केला जातो. खालाला वाचता येत नव्हतं, पण तो संच ती हिरव्या कापडात बांधून, धूळ झटकून ठेवायची. मी बारावीत असताना ते कापड पहिल्यांदा सुटलं, ते रफिकभाईच्याच जियारतीला. काविळीने दहा दिवसांत नेला त्याला.

आता नीट ऐका. ज्यांना अरबी वाचता येत नाही त्यांच्यासाठीही जियारतीत जागा असते. पांढऱ्या चादरीवर चिंचोक्यांचा ढीग घातलेला असतो. एक चिंचोका उचलायचा, एक कलमा म्हणायचा, बाजूला ठेवायचा. त्यात कमीपणा काही नाही. अब्बा कायम तिथेच बसतात. त्या दिवशीही बसले होते आणि त्यांच्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती. मला कलमा येत होता. मी तिकडे जाऊन बसलो असतो तर रफिकभाईला माझ्याकडून काहीतरी खरं मिळालं असतं.

पण पारे वाटणाऱ्याने मला बघून हसून हात पुढे केला आणि अब्बांनी त्या ढिगापलीकडून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पारा घेतला. एकोणिसावा.

वजू करून हातपाय-तोंड नीट धुतलेलं होतं. टोपी होती. मांडी घातली, पारा लाकडी रेहलवर उघडला आणि ओठ हलवायला लागलो. काय म्हणत होतो? काहीच नाही. नुसते ओठ. शेजारचा पान उलटेल तेव्हा मी उलटायचो, कधी थोडं आधी, म्हणजे तरबेज वाटावं. शेवटाकडची दोन पानं वरच्या कडेला जोडलेली निघाली, छापखान्यात कापायची राहिलेली. वाचणाऱ्याला ती सोडवावीच लागली असती. मी क्षणभर बोट आत घातलं. मग वाटलं — मला कशाला? दोन्ही पानं एकदम उलटली आणि पुढे गेलो.

हेच ते. ज्या माणसाने मला शिकायला लावलं, त्याच्या जियारतीला, त्याने आणलेल्या पाऱ्यावर, मी वाचल्याचं सोंग केलं.

पारा ठेवायला गेलो तेव्हा खाला दारात बसली होती. रडून डोळे सुजलेले. प्रत्येकाच्या हातातला पारा ती दोन्ही हातांनी घेत होती.

“पूरा हुआ क्या बेटा?”

“हौ खाला.”

तिने पारा कपाळाला लावला. मग मौलानांनी विचारलं, तीसही झाले का, आणि कुणीतरी झाले म्हणालं. सगळ्यांबरोबर मीही दुआला हात उचलले. एकोणतीस होते. ते फक्त मला माहीत होतं — असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर परभणीत मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला लागलो. बालाजी राणीसावरगावचा, आई-बाप ऊसतोडीला जाणारे. आम्ही एकमेकांना प्रश्न घालायचो आणि इस्लामवरचा एकही प्रश्न माझा चुकायचा नाही. हिजरी सन कशापासून मोजतात? पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्या हिजरतीपासून, त्यांच्या जन्मापासून नव्हे. सूरा, म्हणजे कुराणातले अध्याय, किती? एकशे चौदा. एकीच्या सुरुवातीला बिस्मिल्लाह नाही, तरी बिस्मिल्लाह एकशे चौदाच कशी? कारण एका सूरेत ती आतही एकदा येते, सुलेमान पैगंबरांनी सबाच्या राणीला पाठवलेल्या पत्रात. बालाजी म्हणायचा, तुला लय येतंय गड्या. आणि पहिली वही, म्हणजे पैगंबरांवर उतरलेला पहिला संदेश कोणता, असं त्याने विचारलं की मी उत्तर देऊन लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. हिराच्या गुहेत फरिश्ता म्हणाला, वाच. आणि पैगंबरसाहेब म्हणाले, मला वाचता येत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने जे पहिल्याच क्षणी सांगितलं, ते मला सांगता आलं नाही. हे उत्तर मी किती वेळा बरोबर दिलं असेल?

झोप नीट लागेना. दर ईदला खालाकडे जायचो ते सांगायचंच असं ठरवून. शीरखुर्म्याची वाटी हातात यायची, ती संपायची, मी उठायचो. मोहल्ल्यात पुढेही जियारती झाल्या. खालाचाच संच असायचा आणि ती स्वतः पारे वाटायची. माझ्यापाशी आली की मात्र थांबायची. “थक को आया होंगा तू. उधर बैठ, कलमा पढ.” आणि मला चिंचोक्यांकडे पाठवायची. मी मनात अल्लाचा शुक्र करायचो. वाटायचं, बिचारीला माझी कणव येते, अभ्यासाने दमलेला पोरगा.

गेल्या वर्षी होस्टेलजवळच्या मशिदीत तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजानंतर लहान पोरांच्या रांगेत कायदा घेऊन बसलो. बालाजीने एकदा खिडकीतून पाहिलं आणि संध्याकाळी म्हणाला, “काय रे, पहिलीत नाव घातलंस का?” मी उजळणी करतोय म्हणालो. म्हणजे पुन्हा खोटं. पण शिकलो. वर्षभरात अक्षरं जोडायला लागलो, मग शब्द, आणि मशिदीतल्या प्रतीतून रडतखडत एकोणिसाव्या पाऱ्यापर्यंत आलो. त्याच्या शेवटाकडे, जिथे रफिकभाईच्या प्रतीत पानं जोडलेली होती साधारण तिथेच, ते पत्र आलं. सुलेमान पैगंबरांचं. आतली बिस्मिल्लाह. बोट ठेवून मी ती ओळ वाचली आणि पुढे जाता येईना.

ठरवलं, की परीक्षा संपली की सेलूला जायचं, खालाच्या समोर बसायचं, तिला सगळं सांगायचं आणि तिच्याच संचातला एकोणिसावा पारा तिला ऐकू जाईल असा वाचायचा. मग तिने हाकललं तरी चालेल. काय सांगायचं ते वहीत लिहूनही ठेवलं होतं.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि घरी फोन लावला. अम्मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, पेपर होते म्हणून अब्बांनी सांगू दिलं नाही, बानू खाला गेली. आठवडा झाला. जियारतही झाली.

अम्मी पुढे सांगत राहिली. जियारतीला कापड सोडलं तर संचात एकोणतीसच पारे निघाले, एक मशिदीतून मागून आणला. नंतर खालाच्या मुलीला तो कमी असलेला एकोणिसावा सापडला, खालाच्या उशाशी, रफिकभाईच्या रुमालात बांधलेला. मुलगी म्हणाली, आई वाटताना तो कधी बाहेर काढायचीच नाही, त्याच्या जागी दुसरा मागून आणायची. विचारलं तर म्हणायची, वो अभी बाकी है. आता तो रुमालासकट अम्मीकडे आणून दिलाय. खालाने सांगून ठेवलं होतं म्हणे, की माझ्याच हातात द्यायचा.

अम्मीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिने सहज उघडून पाहिला होता.

“नवा का नवा है रे,” ती म्हणाली. “आखिर के पन्ने बी जुडेलेच हैं.”