जिनिंगचा रबरी पट्टा

ती घटना आठवली की अजूनही माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप मुठीत लपतं. आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता आणि मी भैंशाकडच्या एका ठाण्यात नवा एस.आय. होतो. नवा, म्हणजे सगळं कळणारा.

त्या हिवाळ्यात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, पाठोपाठ दोनदा कापूस पेटला. विझला, पण मालक हादरला. मुनीम ठाण्यात येऊन हळूच म्हणाला, "साहब, दोनों बार वही आदमी मशीन के पास था. छुट्टी के लिए मालिक से झगड़ा भी हुआ था."

तो आदमी पंचविशीतला, शिकलेला मजूर. शिक्षक म्हणून निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. नावावर गुन्हा चढला की नोकरी गेलीच.

"काऊन लावली आग?" मी त्याच्याच बोलीत दरडावलं.

"मी काऊन लावीन साहेब? माहा नोकरीचा हुकूम येऊन राह्यला. अन् मशिनीजवळ नाई तं कुठं उभा राहू? कामच तिथलं हाये."

उत्तर सरळ होतं. म्हणूनच मला जास्त संशय आला.

तपास मात्र मी अगदी शास्त्रशुद्ध केला होता. मशीन फिरवणारा जुना कातडी पट्टा जाऊन कृत्रिम रबराचा नवा बसला होता. मशीन थांबवून मी तो ओढून पाहिला, ताणला जात नव्हता. चाकावर घसरत नव्हता, म्हणजे घासून तापतही नव्हता. रबरातून वीज वाहत नाही, हे तर शाळेतच शिकलो होतो. पट्टा निर्दोष, माणूस दोषी!

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमोर मशीन सुरू करवलं. "इथंच लावलीस ना?" म्हणत मी ऐटीत पट्ट्याजवळ बोट नेलं. चट्! ठिणगीनं बोटावर उडी मारली. मी "आई गं" करून मागे उडालो, टोपी कापसाच्या ढिगात. पंच, म्हणजे समोरचा चहावाला, पोट धरून हसत बसला.

आमचे जमादार शांतपणे म्हणाले, "साहेब, आता अटक कोणाले करू?"

आदिलाबादहून वीज निरीक्षक आले. त्यांनी सांगितलं, "कोरड्या हवेत पट्टा चाकावरून सुटताना त्याच्यावर वीज तयार होते. रबर तिला वाहू देत नाही, म्हणून ती साठते. जवळ लोखंड आलं, किंवा तुमचं बोट, की उडी घेते. तिथं कापसाची पिंज असली की पेटते." पट्ट्याजवळ तांब्याच्या तारांचा ब्रश लावून तो जमिनीला जोडला. त्या हंगामात पुन्हा आग लागली नाही.

पुढे पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. 'आक्षेप नाही' लिहून सही केली, ती जरा मोठीच आली.

तेव्हापासून संशयिताबद्दल मी पहिला प्रश्न एकच विचारायचो: हा तिथं का होता? बहुतेक वेळा उत्तर निघायचं, पोटासाठी.

माझ्या निवृत्तीनंतर, आता गुरुजी झालेल्या त्या मजुरानं मला आपल्या शाळेत बोलावलं. ही गोष्ट ऐकून एका मुलीनं विचारलं, "साहेब, मंग गुन्हेगारानं कबूल केलं का?"

मी बोट वर केलं. "केलं की. पण आधी मलाच झटका दिला."

सगळ्यात मोठ्यानं गुरुजी हसले.