तांदळाच्या खोलीतला तास

शाळेत काहीही नवीन सुरू झालं की कामाचं काय व्हायचं ते होवो, किस्से मात्र ढिगानं जमतात. आमच्या करडीकडच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या पोरांसाठी रोज एक जादा तास निघाला अन् तो माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

*

हेडसर म्हणाले, प्रत्येक वर्गातून कच्ची पोरं द्या. सहावीच्या बोरकर सरांनी नेमकी त्यांची हुशार पोरं धाडली.

"सर, हे काहून?"

"मॅडम, तुमचा रिझल्ट चांगला दिसला पाहिजे न."

"अन् रोशनी, कविता? त्यांना अक्षराला अक्षर जोडता येत नाही."

"त्याईले कायले नेता? त्याईले तं काहीच येत नाई!"

मी दोघींना हाताला धरून घेऊन आले.

*

हुशार पोरं परत पाठवली, तर दुसऱ्या दिवशी त्यांचे बाप दारात. "आमचं पोरगं हुशार हाय, हा त्याचा गुन्हा हाय का? त्याले जादा तास काहून नाई?"

हेडसर लगेच विरघळले. "बसू द्या न मॅडम."

बसू द्या, पण कुठं? वर्ग मिळाला होता तो पोषण आहाराचा तांदूळ ठेवायच्या खोलीत. कविता एका शब्दापाशी घाम गाळत असायची अन् स्वयंपाकाच्या बाई यायच्या. "पोरीहो, उठा जरा, पोतं काढतो."

*

जरा गाडी रुळावर आली तर धानाचा रोवणा लागला अन् रोशनी गायब. मी तडक बांधावर गेले. तिची आई चिखलातूनच बोलली, "रोवणा आटपू द्या मॅडम, मंग वाचीन पोरगी आरामानं. अक्षरं काय वाहून चालले का?"

वाहूनच गेली होती. पोरगी परत आली तेव्हा मी पुन्हा 'क'पासून सुरुवात केली. त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

*

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवसांत रोशनीनं भिंतीवरचं नाटकाचं पोस्टर वाचलं. न अडखळता, अगदी तिकिटाच्या दरापर्यंत. मी तिला तिथंच गरम भजी खाऊ घातली.

तिला सोबत घेऊनच हेडसरांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "वा! म्हणजे झालं काम. साहेब येऊन राहिले तपासणीले. त्यांच्यासमोर एका पोरीले वाचायले लावा, मग तास बंद करू. तो वेळ कवायतीले देऊ."

*

साहेब आले. मी मोठ्या तोऱ्यात रोशनीला उभं केलं. आदल्या दिवशी वाचलेलंच पुस्तक, धडाही तोच. पोरगी पहिल्याच ओळीत अडकली. "क... का..." अन् मान खाली. बोरकर सर मिशीत हसत होते. साहेब उठता उठता म्हणाले, "मॅडम, बरीच मेहनत बाकी आहे. वर्षभर तास चालू ठेवा."

माझं नाक कापलं गेलं. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच मी तिला गाठलं. "काय व रोशनी, काल तं भडाभडा वाचून राहिली होतीस?"

ती पोत्यावर कविताजवळ सरकून बसली होती, कविताचं बोट पुस्तकावर धरून.

"मॅडम, हिले अजून येत नाई नं."