वायरीच्या टोकाचं बूच

आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर, त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नाय, हे मी कुणापुढंही सांगंन. मी मूळची सायखेड्याची, सहावीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडं आले आन त्या शाळेत झाडलोटीला लागले, तीही टेंपरवारी. मला त्यातलं काय कळणार. पण सरांच्या खोलीत टीव्हीसारखे आठ कॉम्प्युटर होते आन कोपऱ्यात एक मोठी पत्र्याची पेटी, तिला फाइल सर्व्हर म्हणायचं, एवढं मला पाठ झालं होतं. पोरं काय लिहितील ते एका वायरीतनं पेटीत जायचं आन उद्या मागितलं की परत यायचं. मी विचारलं, सर, रोज आत जातंय तर पेटी भरत कशी नाय? तर सर लागले सांगायला. खडूची भुकटी उडते म्हणून फळा नकोच, फरशीवर बोटानं चित्र काढून अर्धा तास सांगितलं. मी हो हो म्हणत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, कळलं का ताई? मी म्हटलं, भरत नाय हे कळलं. सर एवढे खूश झाले की मलाच लाज वाटली.

धुळीचं तर त्यांना असं वेड की चपला जिन्याखाली काढायला लावायचे. एकदा इतिहासाच्या बाई तोंडाला पावडर लावून आल्या, तर सर दारात आडवे झाले आन लय नम्रपणे म्हणाले, "बाई, आपण तोंड धुऊन येता का? हिच्या आतली तबकडी फार जपावी लागते." बाई सहा महिने त्यांच्याशी बोलल्या नाय. सरांना ते कळलंच नाय. डबा दाराबाहेर बसून खायचे, पण तोंड पेटीकडं. सकाळी आले की पत्र्याला कान लावायचे आन सांगायचे, आज हिचा आवाज जड हाय, रात्री लाईट गेली असणार. समोरच्या वाण्याला विचारलं तर खरंच गेलेली असायची. मला तर वाटायचं आत कुणीतरी बसलेलं हाय आन ते सरांना सगळं सांगतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई येवल्याला बहिणीकडं गेल्या आन माझी छबी, दहा महिन्यांची, तिला ठेवणार कुठं? अंगभर घामोळ्या उठलेल्या. अख्ख्या शाळेत थंड हवेचं मशीन त्या एकाच खोलीत, तेही पेटीसाठी. मी गुपचूप तिला तिथं चादरीवर निजवली. सरांनी बघितलं. मला वाटलं, गेलं आता काम. पण सर हळूच म्हणाले, "रांगत नाही ना अजून?" मी म्हटलं, नाय. चार दिवसांपासून रांगत होती. पण भीतीनं तोंडातनं तेच गेलं.

नेमकं त्याच दिवशी वरचे साहेब येणार होते, ही सगळी यंत्रं आमच्याकडं ठेवायची का दुसरीकडं न्यायची ते बघायला. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. साहेब यायला जरासा वेळ असताना आठही कॉम्प्युटर एकदम अडकले. सर इस्त्रीच्या शर्टासकट गुडघ्यांवर, वायर धरून भिंतीकडेनं सरकतायत, दारात आमच्या हेडमास्तरीण, मोठ्या बाई, म्हणतायत, अहो उठा, फाटकाशी गाडी आली. आन सर टोकाशी जाऊन थांबले. "इथलं बूच नाही," म्हणाले.

ते बूच म्हणजे अंगठ्याएवढं, लोखंडासारखं. ते काढलं की नळासारखं सगळं वाहून जात असंल असं मी समजायचे, पण सर सांगायचे, तसं नाय, बूच नसलं की गेलेलं टोकावर आपटून परत फिरतं आन कुणाचंच कुणाला कळत नाय. माझं तेव्हा तसंच झालं. छबी टोकापाशीच बसलेली, तोंड हलवत, लाळ गळतेय. मी तिच्या तोंडात बोट घातलं, काय नाय. गिळलं.

"सर, ती रांगते," मी म्हटलं. "चार दिवस झाले."

सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा वायरीकडं, आन तिला उचललीच. साहेब जिना चढत होते, त्यांच्या बाजूनं सर खाली, मागनं मी अनवाणी. मोठ्या बाई हाका मारतायत. सरांनी मागं बघितलं नाय. साहेबलोक बुटांसकट खोलीत शिरले, ते मी बघितलं. स्कूटरवर छबी माझ्या मांडीवर हसत होती आन मी रडत होते, सर पुढनं सारखं विचारतायत, श्वास घेतेय ना, घेतेय ना.

सरकारी दवाखान्यात पोटाचा फोटो काढायला नर्सबाईंनी तिचा लंगोट सोडला, तर घडीतनं टण करून बूच फरशीवर. नर्सबाई हसायला लागल्या. सरांनी ते रुमालानं पुसलं, खिशात टाकलं आन बाकावर बसले. मी म्हटलं, सर, चला लवकर, साहेब असतील. तर म्हणाले, "थांबा ताई. माझे पाय कापतायत."

परत आलो तर साहेब गेलेले. मोठ्या बाईंनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, बूच माझ्याकडूनच हरवलं होतं. छबीचं नाव नाय काढलं. आठ दिवसांत टेंपो आला, पेटी नेली, आठही कॉम्प्युटर नेले. सरांना लासलगावच्या शाळेत गणित शिकवायला पाठवलं. माझं काम राहिलं.

आता दिवाळीला ते एस्टी स्टँडवर भेटले. छबी तीन वर्षांची, पदरामागं लपली. अडीच वर्षं पोटात ठेवलेलं मी एका दमात बोलून टाकलं, सर, आमच्यापायी तुमची पेटी गेली. ते गाडीची पाटी वाचत म्हणाले, "नाही हो ताई. ते नेणारच होते. कागद आधीच तयार होता." मी म्हटलं, असं व्हय. तेवढ्यात लासलगावची गाडी लागली.

तो कागद खरंच होता का, हे मोठ्या बाईंना विचारायचं मी रोज ठरवते. रोज त्यांच्या दारापर्यंत जाते आन तिथलं झाडून पुढं निघते.