हिंगाची तपासणी

दुसऱ्या लाटेत आमच्या गावात कोरोना येऊ नये म्हणून जे काही झालं, त्यातलं सगळ्यात हुशारीचं काम मी केलं, असं मी बरेच दिवस समजत होतो. गावही तसंच समजत होतं. एकट्यानं मूर्खपणा करणं सोपं असतं. सगळ्या गावाला पटेल असा मूर्खपणा करायला मात्र अंगात कसब लागतं, आणि ते माझ्यात भरपूर निघालं.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. आमचं किराणा दुकान गावाच्या तोंडाशीच आहे. फाट्यावरून येणारा रस्ता दुकानासमोरूनच आत जातो, त्यामुळे कुणाकडे पाहुणा आला, कुणाची सून रुसून माहेरी निघाली, हे आम्हाला गादीवर बसल्या बसल्या कळतं. सरपंचांनी गावाची समिती केली तेव्हा हेच बघून मला तीत घेतलं. "शेट, तुमी तर बसल्या जागी चेकपोस्ट हायेत," असं ते चारचौघांत म्हणाले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो चढलोच.

खरं सांगायचं तर मला गावाची फारशी काळजी नव्हती. मला काळजी होती अप्पांची. अप्पा म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले, दम्याचे जुने दुखणेकरी. थंडीत त्यांना ढास लागली की अजूनही आमचं सगळं घर उठून बसतं. हा रोग त्यांना झाला तर ते त्यातून उठायचे नाहीत, हे मला कुणा डॉक्टरानं सांगायची गरज नव्हती. लस तालुक्याला यायची आणि आमचा नंबर लागायच्या आत संपायची. म्हणून मी अप्पांना दुकानाच्या गादीवरून उठवलं आणि मागच्या खोलीत नेऊन बसवलं.

"मला कावून कोंडलंस रे? मी काय चोरी केली?" ते आतून ओरडायचे.

"अप्पा, बाहेर रोग हाय."

"रोग हाय तर तू कावून बसलास बाहेर?"

माझ्याकडे नियम मात्र भरपूर होते. चिल्लर साबणाच्या पाण्यात टाकायची. नोटांवरून इस्त्री फिरवायची. एकदा इस्त्री जरा जास्त तापली आणि एका नोटेवरचं अशोकस्तंभाचं चित्र करपलं. अप्पांचं ताट बायकोनं उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं. सगळं बंद केलं, फक्त एक गोष्ट बंद केली नाही. आम्ही लिंगायत. सकाळी पूजा झाली की अप्पा तीन बोटांनी माझ्या कपाळावर विभूती ओढतात, मी त्यांच्या पायांना हात लावतो, आणि मगच दुकानाचं कुलूप निघतं. मला मिसरूड फुटल्यापासून हे चालत आलेलं. त्यात कुठला आलाय कोरोना, असं मी मनाशी म्हटलं, आणि रोज सकाळी मास्क खाली ओढून त्यांच्यापुढे वाकत राहिलो.

उन्हाळा लागला तशी ऊसतोडीला गेलेली माणसं परतायला लागली. ती यायची पश्चिमेकडच्या कारखान्यांवरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून, वर शेळ्या आणि कोंबड्या. माणसं आमचीच, घरंही इथलीच, पण समितीत बसल्यावर ती मला एकदम परकी दिसायला लागली. आम्ही रस्त्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. मधे एक फट ठेवली. ती माझ्या मालाचा टेम्पो यावा म्हणून ठेवली होती, हे समितीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

तपासायला तापमानाची बंदूक मिळाली होती. भर दुपारी उन्हात उभ्या माणसाच्या कपाळावर ती धरली की ताप. सरपंचांना ताप. पोलीस पाटलांना ताप. कुणीतरी गमतीनं म्हशीच्या कपाळावर धरली, तिलाही ताप. पुढं तिचे सेल संपले आणि गाव तपासणीविना उघडं पडलं. मला झोप लागेना, कारण रोज कुणी ना कुणी त्या फटीतून आत येत होतं आणि अप्पा तिथून हाकेच्या अंतरावर होते.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. या रोगात वास जातो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आणि वासाचा धंदा आमच्या घरात तीन पिढ्यांचा. मी गल्ल्याजवळची हिंगाची डबी उचलली आणि काट्यांपाशी खुर्ची टाकून बसलो. आलेल्या माणसाच्या नाकाखाली डबी धरायची. "हिंग" म्हणाला, तर गावात. नाही म्हणाला, तर शाळेत, तिथे विलगीकरण होतं. ना सेल, ना बंदूक, ना सरकारी खर्च.

गाव खूश झालं. सरपंच दोन पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला घेऊन आले. आशाताई तर म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, माझं डोकं हलकं झालं," आणि त्यांनीही हौसेनं डबी हुंगली. पुढं पुढं गावातलीच माणसं रोज येऊन खात्री करून घ्यायला लागली. सकाळी दुधाला निघालेला माणूस आधी माझ्यापुढं नाक आणायचा. मी मास्क खाली करा म्हणायचो, ते करायचे. मलाही नीट समजावून सांगता यावं म्हणून मीही माझा खाली करायचो. डबी एक, नाकं सगळ्या गावाची, आणि डबीच्या मागं माझं तोंड. यात काही चुकतंय असं एवढ्या मोठ्या गावात एकालाही वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

एक म्हातारा तेवढा नापास झाला. ऊसतोडीच्या टोळीबरोबर स्वयंपाकपाण्याला गेलेला, अंगानं ठणठणीत. पण डबी नाकाला लावली तरी म्हणाला, "कशाचा बी येत न्हाई."

"मग शाळेत."

"अहो शेट, मी तपकीर ओढतो. मला कवापास्नंच काय बी वास येत न्हाई."

"नियम म्हणजे नियम, बाबा."

त्याची सून रडली, म्हातारा शिव्या देत शाळेत गेला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. म्हणजे तसं मला वाटलं. आता आठवतं की त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बायकोवर ओरडलो होतो, की आमटीला चव नाही, फोडणी दिलीस का नुसतंच पाणी उकळलंस.

मग हिंगानंही दगा दिला. सकाळी नवी डबी फोडली, आधी आपण हुंगून बघितली, तर वास नाही. दुसरी फोडली. तिलाही नाही. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तर त्याला आपल्या नाकाचा संशय आला असता. मी वाणी. मला संशय आला मालाचा. मी बीडच्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा तासला. "हिंग म्हणून मैदा विकता का? अहो, इथं गावाचा जीव टांगणीला लागलाय तुमच्या हिंगावर!" तो बिचारा विचारतोय, "अहो, पण एवढा हिंग तुमी करता तरी काय?"

फोन ठेवला, तिसरी डबी फोडली. तेवढ्यात मागच्या खोलीतून अप्पांचा आवाज आला.

"अरे, किती डब्या फोडतोस? हिंगाचा वास डोक्यात चढला माझ्या. दार तर लाव."

मधे दोन भिंती होत्या. मी हातातली डबी नाकपुडीला टेकवून उभा होतो आणि मला काहीच येत नव्हतं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी तिथंच तेलाच्या डब्यावर बसलो, कारण त्याच दिवशी सकाळी मी विभूती लावून घेतली होती. त्याच्या आदल्या सकाळीही.

आरोग्य केंद्राची गाडी आली. नाकात काडी घातली आणि थोड्याच वेळात मी पॉझिटिव्ह निघालो. आशाताई वही काढून बसल्या.

"भाऊ, आठवड्यात कुणाकुणाच्या जवळ गेलतात? मास्क न्हवता असं?"

"गाव."

"गावातलं कोन?"

"गाव, ताई. सगळं गाव."

त्यांनी लिहायला घेतलेलं पेन थांबलं. त्यांना स्वतःचं नाक आठवलं असावं, कारण त्या पटकन उठून जरा लांब जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सबंध गावाची तपासणी झाली. वीसेक जणांत निघाला. त्यांच्यातले किती माझ्या डबीतून गेले आणि किती आपले आपण, ते देवाला माहीत. पण लोकांनी हिशोब एकाच खात्यावर टाकला आणि मी तक्रार केली नाही. समितीनं माझ्याच सूचनेवरून केलेला नियम मलाच लावला, म्हणजे दुकानाला कुलूप आणि दाराला बाभळीच्या काट्या. मला शाळेत नेलं. तिथं तपकीरवाला म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. त्याचं तेवढं निगेटिव्ह आलं होतं, तो घरी निघायच्या तयारीत होता. मला बघून त्यानं जागा करून दिली.

"या शेट. तुमाला बी तपकिरीची सवय हाय काय?"

हसू आलं मला. गाव हसलं असतं तरी चाललं असतं. पण ते हसू दोन दिवसांत संपलं, कारण अप्पांना ताप चढला.

त्यांचा ऑक्सिजन खाली खाली जायला लागला तेव्हा गाडी बोलावली. शाळेच्या भिंतीवरून मला ती दिसली. बायको निगेटिव्ह, म्हणून तिला गाडीत बसू दिलं नाही. मी पॉझिटिव्ह, म्हणून मला शाळेबाहेर पडू दिलं नाही. अप्पा एकटेच बीडला गेले. गाडी शाळेसमोरून गेली तेव्हा मी भिंतीवर चढून "अप्पा, अप्पा" म्हणून ओरडलो, पण काच बंद होती. मी भिंतीवरून उतरलो आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला. गावातल्या पाचपन्नास माणसांना मी नापास-पास केलं होतं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच माणसाला मी स्वतःच्या कपाळानं रोग देऊन आलो होतो.

दवाखान्यात फोन लावला की नर्सबाई म्हणायच्या, "आजोबा ऑक्सिजनवर आहेत, बोलता येणार नाही." रोज तेच. एकदा मी त्यांना म्हटलं, बोलू नका म्हणावं, नुसता फोन कानाला धरा. त्यांनी धरला. पलीकडून मशीनचा आवाज येत होता. मी अप्पांना दुकानातलं सांगत बसलो, तूर किती पोती आहे, साखर किती. आपण काय बडबडतोय हे मला कळत होतं, पण थांबता येईना.

शाळेतच एका सकाळी कुणाच्या तरी घरून लसणाची चटणी आली आणि तिचा ठसका माझ्या नाकात बसला. मी जोरात शिंकलो तसे बाकीचे सगळे वर्गाबाहेर पळाले. मी मात्र चटणीच्या डब्यात नाक घालून बसून राहिलो. माझं नाक परत आलं होतं.

आणि अप्पाही परत आले. कसे आले ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. अंगावर नुसती कातडी राहिली होती, धोतर दोनदा गुंडाळावं लागायचं. गाडीतून उतरले ते घरात न जाता सरळ दुकानात आले आणि गादीवर बसले. मी कुलूप काढून सकाळपासून तयार बसलो होतो. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. नाक थोडं वर केलं, जसं ते माल उतरल्यावर करायचे.

"दुकान धुतलंस काय रे? कसलाच वास येईना."

"हां अप्पा," मी म्हणालो. "फिनेल टाकून धुतलं. चांगलं दोनदा."

त्यांनी फरशीकडं बघत परत एकदा श्वास ओढला.

"मग फिनेलचा कावून येईना?"

मी तोंड वळवून बाहीनं डोळे पुसले. अप्पा पोत्याच्या तोंडाला नाक लावून तूर ओली का कोरडी सांगायचे. त्यांच्या त्या एका शब्दावर लांबून लांबून गिऱ्हाईक यायचं. दवाखान्यातून माणूस जिवंत येतोय म्हणून मी सकाळीच शंकराला नारळ फोडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रडू नगंस. गिऱ्हाईक बघतंय," म्हणाले. मग डोळे मिटून घेतले. "तुला येतोय का वास?"

"येतोय, अप्पा."

"मग सांग."

मी सांगायला लागलो. दाराशी रॉकेलच्या जुन्या टाकीचा येतोय. मग गूळ. मग मिरची, तिच्यापलीकडं खोबरं. ते मान हलवत होते.

"आन् त्या वरच्या डब्यात?"

मी डबा काढून झाकण उघडलं. "सुंठ."

"औंदाची का जुनी?"

मी डबा नाकाशी धरला. परत धरला. माझं नाक एकदम साफ होतं, सुंठेचा वास पार टाळूपर्यंत जात होता. अप्पा डोळे मिटून वाट बघत होते, आणि मला त्यातलं एवढंच कळत होतं, की ही सुंठ आहे.